हंगामाआधी वेबसाइट हलकी करताना: देवगड तालुक्यातल्या एका हापूस बागायतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, कातळावर या कुटुंबाची हापूसची कलमं आहेत. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. बाग काका पाहतात, घरातले थोरले. पॅकिंग, हिशेब आणि गिऱ्हाइकांशी बोलणं वहिनींकडे, म्हणजे त्यांच्या सुनेकडे. मुलगा कणकवलीत नोकरी करतो आणि हंगामात रजा टाकून घरी येतो.

२०२० पर्यंत त्यांचा जवळजवळ सगळा आंबा वाशीच्या बाजारात जायचा. चार ते आठ डझनांच्या पेट्या संध्याकाळी टेम्पोत चढायच्या, दर तिकडे ठरायचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, नंतर हातात यायची. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली. झाडावर तयार फळ आणि बाजार ठप्प, अशा अवस्थेत कोकणातल्या बऱ्याच बागायतदारांप्रमाणे त्यांनीही पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये थेट आंबा पोहोचवायला सुरुवात केली. व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या यायच्या, टेम्पो फोंडा घाटातून कोल्हापूरमार्गे पुण्याला जायचा. पुढच्या वर्षी वेबसाइट झाली.

साइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर होती आणि दिसायला देखणी होती. वर मोठे सरकते फोटो, खाली बागेचा व्हिडिओ, त्याखाली दरपत्रक, ऑर्डरचा फॉर्म, नकाशा. लॅपटॉपवर पाहिली की घरातल्या सगळ्यांना ती आवडायची. ऑर्डर मात्र फोनवरूनच येत राहिल्या, त्याही बहुतेक जुन्या गिऱ्हाइकांच्या.

अडचण काय होती

काका एका वाक्यात सांगायचे: “दर साइटीर लिवलेलो आसा, तरी सगळे फोन करून दरच इचारतत.”

साइटच्या दुरुस्तीत मदत करताना हे वाक्य मला सगळ्या तांत्रिक अहवालांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. दर साइटवर होता. पण तो वाचण्याआधीच माणसं निघून जात होती, किंवा फोनच्या पडद्यावर तो त्यांना वाचताच येत नव्हता. साइट गूगलच्या शोधात कुठे दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्येही तेच दिसत होतं. एप्रिल-मे महिन्यांत साइट शोधनिकालांत बऱ्याचदा दिसायची, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. जे थोडे लोक आत येत, त्यातले फार कमी फॉर्मपर्यंत पोहोचत.

साइट उघडायला वेळ लागतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. साइट करून देणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असे, “तुमच्या गावात रेंज नाही, साइट ठीक आहे.” देवगडात रेंजचा त्रास आहे हे खरंच असल्यामुळे घरच्यांना ते पटायचंही. पहिला निर्णायक मुद्दा इथेच आला, कारण साइट कोणाच्या फोनवर मंद आहे, हे ठरल्याशिवाय पुढचं काही ठरत नव्हतं.

गूगल साइटचा अनुभव मोजतं तो खऱ्या भेटींवरून. अँड्रॉइडवर किंवा संगणकावर क्रोम वापरणाऱ्या, माहिती द्यायला संमती दिलेल्या लोकांच्या भेटींतून हे आकडे जमतात. आयफोनवरच्या भेटी त्यात येत नाहीत. मागच्या २८ दिवसांचा एकत्रित हिशेब असतो आणि निकाल ७५व्या शतमकावर लागतो. सोप्या भाषेत, चारपैकी तीन भेटी मर्यादेच्या आत असल्या पाहिजेत. तीन गोष्टी बघितल्या जातात. पानावरचा सर्वांत मोठा मजकूर किंवा फोटो दिसायला लागलेला वेळ, म्हणजे एलसीपी, अडीच सेकंदांच्या आत हवा. चार सेकंदांपुढे गेला की खराब. बोट लावल्यावर पान प्रतिसाद द्यायला किती वेळ घेतं, तो आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो, तो सीएलएस, ०.१ च्या आत. यातला आयएनपी नवा, १२ मार्च २०२४ रोजी तो एफआयडी या प्रतिसादाच्या जुन्या मापाच्या जागी आला.

वहिनींनी एप्रिलमध्ये पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या साधनावर साइट तपासून स्क्रीनशॉट ठेवला होता. मोबाइलवर तिन्ही मापं मर्यादेबाहेर, एलसीपी तर चार सेकंदांच्या खूपच पुढे. हे आकडे देवगडच्या रेंजचे नव्हते. साइट पाहणारे बहुतेक लोक पुणे, ठाणे, मुंबईतले होते. त्यांच्याकडे रेंज होती, तरी पान येत नव्हतं. हा एक स्क्रीनशॉट समोर ठेवल्यावर रेंजचा वाद संपला.

तो स्क्रीनशॉट नसता तर हाती काहीच नसतं. आम्ही कामाला बसलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. साइटवर तेव्हा इतकी थोडी माणसं येत होती की गूगलकडे खऱ्या भेटींची पुरेशी माहितीच नव्हती. सर्च कन्सोलमधला या मापांचा आलेखही सुमारे तीन महिन्यांपुरताच मागे जातो. वर्षातले दोन-अडीच महिने चालणाऱ्या धंद्यात ही मोठी अडचण आहे. ज्या काळात माप मिळतं त्या काळात दुरुस्तीला सवड नसते, आणि सवड मिळते तेव्हा माप नसतं.

तपासणीत काय दिसलं

खऱ्या भेटींची माहिती नसल्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचणीवर भागवावं लागलं. लाइटहाउस हे साधन मंद फोर-जी आणि मध्यम ताकदीचा फोन गृहीत धरून पान उघडून बघतं. त्याचे गुण हे अंदाज असतात, पण कारणं शोधायला ते चांगलं. जोडीला एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेतला आणि पुण्यातल्या एका नातेवाइकांनाही त्यांच्या फोनवर पान उघडून पडदा रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं.

सर्व्हर अमेरिकेत होता आणि कॅश, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुढे देण्याची सोय, बंद होती. म्हणजे पुण्यातल्या माणसाने पान उघडलं की प्रत्येक वेळी ते तिकडे नव्याने तयार होऊन निघायचं. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला बाइट, म्हणजे पहिला कण, ०.८ सेकंदांच्या आत यावा असं मानतात. इथे फोनला काही मिळायच्या आतच तेवढा वेळ उलटून जायचा.

मग फोटो. सरकत्या पट्टीतले फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले होते, एकेक कित्येक एमबीचा. त्यातला पहिला, म्हणजे सर्वांत आधी दिसायला हवा तो, ‘गरज पडेल तेव्हा आण’ या सूचनेखाली होता. ही सूचना पानाच्या तळातल्या फोटोंसाठी उत्तम, पण पहिल्याच फोटोला लावली की ब्राउझर त्याला मुद्दाम मागे ठेवतो. एलसीपी बिघडण्याचं मोठं कारण हेच होतं.

अक्षरांचे फॉन्टही जड होते. देवनागरीत जोडाक्षरांमुळे एका फॉन्टमध्ये शेकडो आकार भरावे लागतात, त्यामुळे फाइल रोमन फॉन्टपेक्षा बरीच मोठी होते. साइटवर दोन वेगवेगळे देवनागरी फॉन्ट, प्रत्येकाच्या चार-चार जाड्या. ते येईपर्यंत मजकुराची जागा कोरी दिसायची.

आणि दरपत्रक. ते पोस्टर होतं, एक मोठा जेपीजी, वर आंब्याची नक्षी, खाली बारीक अक्षरांत आकारवार दर. फोनवर दोन बोटांनी मोठं करून, इकडेतिकडे सरकवून वाचावं लागे. त्याची लांबी-रुंदी पानात लिहिलेली नव्हती, म्हणून ते उशिरा आलं की खालचं ‘ऑर्डर करा’ बटण एकदम खाली ढकललं जायचं. पुण्याहून आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे स्पष्ट दिसलं. बोट बटणाकडे गेलं, त्याच क्षणी पोस्टर उघडलं आणि बोट पडलं पोस्टरवर. शोधयंत्राच्या दृष्टीनेही ते पोस्टर कच्चं होतं. ‘दोन डझन देवगड हापूस दर’ असं शोधणाऱ्याला देण्यासाठी त्या पानावर वाचता येईल असा मजकूरच नव्हता.

याशिवाय पान उघडताच पडदा झाकणारी ‘आजच बुक करा’ ही चौकट, गप्पांचं विजेट, बसवलेला नकाशा, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा चौकटी गूगलने जानेवारी २०१७ पासूनच क्रमवारीत उणी बाजू मानल्या आहेत.

शेवटची गोष्ट वेगाशी संबंधित नव्हती, पण मला ती सर्वांत जास्त खुपली. दरवर्षी हंगामासाठी नवं पान बनवलं जायचं, पत्त्यात ते वर्ष घालून, आणि जूनमध्ये ते पुसलं जायचं. गिऱ्हाइकांनी वर्षभर जपलेल्या, एकमेकांना पाठवलेल्या लिंका पुढच्या वर्षी ‘पान सापडलं नाही’ इथे जाऊन थांबायच्या. साइट दरवर्षी शून्यापासून सुरुवात करत होती.

कोणते पर्याय होते

बोलणं झालं ते नवरात्रानंतर. मोहोर यायला लागला की काका बागेतून हलत नाहीत आणि गुढीपाडव्याच्या आसपास मागणी सुरू होते, त्यामुळे जानेवारीअखेर ही शेवटची तारीख धरली. त्यापुढे हंगाम संपेपर्यंत साइटच्या सांगाड्याला हात लावायचा नाही.

एक पर्याय होता सगळं सोडून देण्याचा, म्हणजे साइट बंद करून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. मुलाचा कल याकडे होता आणि त्यात तथ्यही होतं, कारण जुनी गिऱ्हाइकं तिथेच होती. पण नवं गिऱ्हाईक शोधतं गूगलवर, आणि तिथे आपलं काहीच नसलं की ते मध्यस्थाकडे जातं. वहिनींनी याला ठाम नकार दिला.

दुसरा, नवी साइट. एका ठिकाणाहून अंदाज मागवला होता. पैसे एकवेळ जमले असते, पण काम मार्चपर्यंत लांबण्याची भीती होती, आणि नवी साइट हलकी असेलच याची हमी कोणी देत नव्हतं.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. वेग वाढवणारं एक सशुल्क प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा तयार प्रोग्राम) बसवायचं, बाकी काही बदलायचं नाही. चाचणी म्हणून साइटच्या नकलेवर ते बसवून पाहिलं, तर लाइटहाउसचे गुण एकदम नव्वदीत गेले. घरात आनंद झाला. मग तीच नक्कल स्वस्त फोनवर उघडली. पान पटकन दिसलं, पण ‘ऑर्डर करा’वर बोट लावलं तर काही काळ काहीच घडेना. प्लगइनने सगळी स्क्रिप्टं, म्हणजे पान चालवणारा कोड, माणसाचं पहिलं बोट लागेपर्यंत रोखून धरली होती. चाचणी करणारं यंत्र बोट लावत नाही, म्हणून त्याला पान हलकं वाटलं. माणसाने बोट लावताच सगळा भार एकदम कोसळला. असं पान हंगामात गेलं असतं तर आयएनपी बिघडला असता आणि ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाला बटण मेलेलं वाटलं असतं. तो पर्याय तिथेच सोडला. तेव्हापासून घरात एक रीत पडली, कुठलाही बदल आधी त्या फोनवर पाहायचा, गुण नंतर.

चौथा पर्याय निवडला, तो म्हणजे आहे तीच साइट ठेवायची, पत्ते जपायचे आणि ओझं काढत जायचं.

याच काळात एका ओळखीच्याने आणखी एक सल्ला दिला होता. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा प्रत्येक शहरासाठी वेगळं पान करायचं, मजकूर तोच, फक्त शहराचं नाव बदलायचं. असली पानं गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात बसतात आणि साइटला उलट खाली खेचू शकतात. वाचणाऱ्याला त्यातून मिळतही काही नाही. त्याऐवजी एकच पान करायचं ठरलं. टेम्पो कोणत्या वारी निघतो, कुठे पोहोचतो, कोणत्या पिनकोडला घरपोच देता येतं आणि कुठे येऊन पेटी घ्यावी लागते, हे सगळं त्यात खरं खरं लिहायचं.

काय केलं

आधी होस्टिंग मुंबईतल्या सर्व्हरवर हलवलं आणि कॅश सुरू केली, ऑर्डरची पानं त्यातून वगळून. यात फार सांगण्यासारखं काही नाही. काम थोडं आणि फरक मोठा.

सरकती पट्टी काढण्यावर वाद झाला. काकांना पाचही फोटो हवे होते, आणि ते मला समजत होतं. त्या फोटोंत त्यांची सबंध वर्षाची मेहनत होती. तोडगा असा निघाला की वर एकच फोटो, काकांनी निवडलेला, झेल्याने आंबा उतरवतानाचा. बाकीचे खाली बागेच्या पानावर. वरचा फोटो फोनच्या रुंदीला साजेसा लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात ठेवला, त्याच्यावरची ‘नंतर आण’ ही सूचना काढली आणि तो सर्वांआधी आणावा असं ब्राउझरला सांगितलं. सगळ्या फोटोंची लांबी-रुंदी पानात लिहिली, म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखली जाते.

फॉन्टचा निर्णय मला आजही आवडतो. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो, नोटो. मग तोच का वापरू नये? मजकुरासाठी फोनमधलाच फॉन्ट ठेवला, एकही फाइल उतरवावी लागत नाही. बागेचं नाव ज्या वळणदार अक्षरांत होतं ती घराची ओळख होती, म्हणून तेवढं नाव एसव्हीजी या हलक्या प्रकारचं चित्र म्हणून ठेवलं. मजकूर पान उघडताक्षणी वाचता येऊ लागला.

दरपत्रक साध्या तक्त्यात आलं. आकार, डझन, दर, सोबत शेवटचा बदल कधी केला ती तारीख. दर बदलला की वहिनी फोनवरूनच आकडा बदलतात, पोस्टर करून घ्यायला कोणाकडे जावं लागत नाही. जुन्या वर्षांच्या पानांचे पत्ते आता कायमच्या एका पानाकडे वळवले आहेत. जूनमध्ये ते पान पुसलं जात नाही. ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या बुकिंगसाठी नंबर ठेवा’ असा मजकूर तिथे राहतो आणि शोधयंत्राला माल उपलब्ध नाही हेही कळतं.

पडदा झाकणारी चौकट आणि गप्पांचं विजेट काढलं. नकाशाच्या जागी एक लहान चित्र आणि नकाशा उघडणारी लिंक आली. व्हिडिओ बोट लावल्यावरच सुरू होतो.

फॉर्मवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घातला. जुना फॉर्म नाव, आडनाव, ईमेल, दोन ओळींचा पत्ता, जवळची खूण, राज्य, देश असं सगळं विचारत होता. आंबा परदेशी जात नसताना देश कशाला? आता पहिला रकाना पिनकोडचा. तो भरताच तिथे घरपोच देता येतं का आणि कोणत्या वारी, हे लगेच दिसतं. फोन आणि पिनकोडच्या रकान्यांना आकड्यांचा कीबोर्ड येतो. मग नाव, पत्ता, किती डझन, बस. पैसे यूपीआयने. ज्याला फॉर्म नको त्याला शेजारीच व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, ज्यात पिनकोड आणि डझन आधीच लिहिलेले येतात.

मजकुराचं काम वहिनींनी केलं आणि मनापासून केलं. गिऱ्हाइकं फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची त्यांच्याकडे वही होती. पेटीत किती डझन बसतात आणि आकाराप्रमाणे हा आकडा का बदलतो. फळ हिरवट का आलं, आढी कशी घालायची, भाताचा पेंढा नसेल तर काय करायचं. पिकल्यावर फ्रीजमध्ये कधी ठेवावं. साका (फळाच्या आतला गर स्पंजासारखा पांढरट होण्याचा दोष) म्हणजे काय आणि तो बाहेरून का ओळखता येत नाही. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन कोणत्या पाच जिल्ह्यांसाठी आहे. साक्याबद्दल लिहावं की नाही यावर घरात चर्चा झाली, कारण स्वतःच्या मालाचा दोष स्वतः कोण सांगेल? काकाच म्हणाले, लिहा, फळ कापल्यावर त्यांना दिसणारच आहे. त्या पानावर साका निघाला तर काय करायचं आणि कोणाला कळवायचं, हेही आहे.

सगळी पानं ‘मुख्यपृष्ठ’ या एकाच शीर्षकाखाली होती, तीही प्रत्येकाच्या विषयाप्रमाणे बदलली.

हंगामात काय झालं

एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरेशा भेटी झाल्या आणि खऱ्या वापराचे आकडे परत दिसू लागले. मोबाइलवर एलसीपी आणि आयएनपी दोन्ही हिरव्या पट्ट्यात होते. सीएलएसही होता, पण तो टिकला नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणी एकदम चढते. त्या गडबडीत घरातल्या एका मुलाने पानाच्या माथ्यावर सणाची पट्टी लावली. ती स्क्रिप्टने उशिरा यायची आणि सगळं पान खाली ढकलायची. पुन्हा तेच, बोट एकीकडे, बटण दुसरीकडे. आकडे २८ दिवसांचे असल्यामुळे अहवालात हे हळूहळू दिसलं. त्याआधी एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं म्हणून कळलं. पट्टीसाठी आधीपासून जागा राखून ठेवली आणि प्रश्न मिटला. पण आकडा पूर्ववत व्हायला हंगामाचा बराचसा भाग गेला.

शोधातली जागा सर्च कन्सोलमध्ये तपासली. तिथे शोधाची माहिती १६ महिने राहते, म्हणून आधीच्या हंगामाचे तेच महिने शेजारी ठेवता आले. आंब्याच्या बाबतीत एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशीच करायला हवी, डिसेंबरशी केली तर कुठलीही साइट वर गेल्यासारखी दिसेल. ‘देवगड हापूस’, ‘हापूस आंबा ऑनलाइन’ या मोठ्या शोधांवर जागा फारशी हलली नाही. तिथे मोठे विक्रेते आहेत आणि जुन्या, भरपूर लिंका असलेल्या साइट आहेत. लांब आणि नेमके शोध मात्र पहिल्या पानावर आले, म्हणजे आढी कशी घालावी, पेटीत किती डझन, साका का पडतो, अमुक उपनगरात घरपोच हापूस अशांसारखे. तिथून आलेली माणसं दरपत्रकापर्यंत जाऊ लागली.

फोन कमी झाले नाहीत, पण बोलण्याचा विषय बदलला. दर विचारणारे कमी आणि “शनिवारच्या गाडीत जागा आहे का” असं विचारणारे जास्त.

विक्रीचा एकूण आकडा मी मोजमाप म्हणून मुद्दाम धरत नाही. बागेत जेवढं फळ धरतं तेवढंच विकलं जातं. वेबसाइट कितीही वेगवान असली तरी मोहोर गळाला तर पेट्या कमी. म्हणून घरच्यांनी दुसरं माप घेतलं, काढलेल्या आंब्यातला किती थेट गेला आणि किती वाशीला. थेट जाणारा वाटा वाढला. वहिनींच्या लेखी त्याहून मोठी गोष्ट अशी की नव्या गिऱ्हाइकांची नावं पहिल्यांदाच वहीत दिसली.

पुन्हा करायचं झालं तर

क्रमवारीतला फरक वेगामुळे पडला की मजकुरामुळे? याचं नेमकं उत्तर या प्रकरणातून मिळत नाही, कारण दोन्ही बदल जवळजवळ एकाच वेळी साइटवर गेले. माझं मत मजकुराच्या बाजूला झुकतं. गूगल स्वतः सांगतं की पानाचा अनुभव क्रमवारीत धरला जातो, पण मजकूर उपयुक्त असेल तर अनुभवात कमी असलेलं पानही वर येऊ शकतं. हा निकष मोबाइलवर जून २०२१ पासून लागू होऊ लागला, तेव्हापासून अनेकांनी त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा केली. वाचता येण्याजोगा दर, कायम टिकणारा पत्ता आणि खऱ्या प्रश्नांची उत्तरं यांनी माणसं आत आणली असावीत. वेगाने आणि स्थिर पानाने त्यांना ऑर्डरपर्यंत नेलं असावं. पुढच्या वेळी वेगाचं काम दिवाळीआधी आणि मजकूर डिसेंबरनंतर, असं मध्ये अंतर ठेवून करायला हवं. हंगामाबाहेर शोध कमी असतात, त्यामुळे त्यातूनही स्वच्छ उत्तर मिळेलच असं नाही, पण निदान दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळणार नाही.

जानेवारीनंतर साइटला हात लावायचा नाही हा नियम चांगला होता, पण तो सांगाड्यापुरता होता. सणाची पट्टी, नवा फोटो, जाहिरातीचा कोड यांचा विचारच झाला नव्हता. जिथे घरातली तीन माणसं फोनवरून साइट बदलतात, तिथे वरच्या पट्टीची जागा, फोटोचा आकार आणि कोणता कोड चालेल हे आधी ठरवून द्यायला हवं. आता फोटो चढवताना तो आपोआप लहान होतो आणि सणाच्या मजकुरासाठी माथ्यावर वर्षभर एक ठरावीक उंचीची जागा राखलेली असते, रिकामी असली तरी.

इंग्रजी पानांचा निर्णय अजून झालेला नाही. पुण्या-मुंबईतली बरीच माणसं ‘हापूस’ रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात आणि त्यांना मराठी पान दिसतंच असं नाही. पण इंग्रजी पान करायचं तर वहिनींनी लिहिलेलं कोणीतरी तितक्याच आपुलकीने इंग्रजीत लिहायला हवं, यंत्राने भाषांतर केलेलं नको, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे.

मापाचा प्रश्न थोडा सुटला आहे. क्रोमच्या चमूने खुली ठेवलेली वेब-व्हायटल्स नावाची छोटी स्क्रिप्ट आता साइटवर आहे. भेटींतली ही मापं, ब्राउझर देतो तेवढी, ती आमच्याच सर्व्हरवर नोंदवते, कोण माणूस आहे हे न नोंदवता. त्यामुळे गूगलकडे पुरेशी माहिती नसतानाही, पावसाळ्यात येणाऱ्या मोजक्या भेटींतून पान कुठे अडखळतं ते दिसतं. गेल्या श्रावणात तिनेच दाखवलं की ‘नंबर ठेवा’ या बटणाला जुन्या फोनवर प्रतिसादाला उशीर लागतो. ते बटण मोहोर येण्याआधी दुरुस्त करायचं ठरलं आहे.